शर्यत बोटीची, की बोट बांधणाऱ्याची?

२०१७च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून मी पॉवरबोटींची शर्यत पाहिली. गर्दी मावत नव्हती. समोर बोटी फेस उडवत वळणं घेत होत्या. सगळ्या एकाच साच्यातल्या, सगळ्यांना सारखंच इंजिन, फरक काय तो रंगाचा आणि प्रायोजकाच्या नावाचा. माझ्या शेजारी कुलाब्याकडच्या कोळीवाड्यातले एक काका बसले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्या बांधल्या कोणी?" परदेशातून आणल्यात, एवढंच मला सांगता आलं. काकांनी मान हलवली आणि थोड्या वेळाने ते उठून गेले.

तेव्हापासून पाहतोय, समुद्रात वेगवान बोटींची शर्यत भरवावी का असा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, तेल जाळायचं, आवाज करायचा, कोळ्यांची जाळी तोडायची. सरकारने याला एक रुपया देऊ नये. दुसरी बाजू म्हणते, पर्यटन वाढेल, हॉटेलं भरतील, शहराचं नाव जगभर जाईल. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि काकांचा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. जिथे बोट बांधणारा स्वतःची बोट घेऊन उघड्या समुद्रात उतरतो, तिथे शर्यत ही समाजाच्या कामाची गोष्ट असते आणि तिला लोकांच्या पैशाचा आधार द्यायला हरकत नाही. जिथे बोटी भाड्याने आणून किनाऱ्यालगत फेऱ्या मारल्या जातात, तिथे ती करमणूक असते. करमणुकीचा खर्च करमणूक विकणाऱ्याने करावा.

हे मी हवेत बोलत नाही. वेगवान बोटींच्या शर्यतींचा इतिहास पाहिला तर तो चालकांचा किंवा कंपन्यांचा नाही, छोट्या कारखान्यांचा आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावचे ख्रिस स्मिथ हे बदकांच्या शिकारीसाठी होड्या बांधायचे. शर्यतवीर गार वूड यांच्यासाठी त्यांनी शर्यतीच्या बोटी बांधल्या, १९२२ साली मुलांना घेऊन 'ख्रिस स्मिथ अँड सन्स' अशी पाटी लावली, आणि त्यातूनच पुढे ख्रिस-क्राफ्ट हे नाव जगभर झालं. इटलीत कोमो सरोवराकाठी आबाते कुटुंब, इसेओ सरोवराकाठी रिवा कुटुंब. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल नदीच्या आसपास दहा-वीस कामगारांचे कारखाने. मालक स्वतः रंधा मारायचा, स्वतः सुकाणू धरायचा, आणि बोट फुटली तर स्वतःच पाण्यात पडायचा.

यातली एक घटना जरा जवळून सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. १९५८ साली न्यूपोर्टजवळ अमेरिका कप या शिडाच्या नौकांच्या मोठ्या स्पर्धेच्या निवडफेऱ्या चालू होत्या. मायामीचे डिक बर्ट्रम त्यात 'व्हिम' नावाच्या नौकेवर होते. त्यांना एक २३ फुटी मोटारबोट खवळलेल्या पाण्यातून न आपटता सरळ धावताना दिसली. तिचा आराखडा मॅसॅच्युसेट्सच्या रे हंट यांचा होता. हंट यांनी जहाजबांधणीचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तोवरच्या वेगवान बोटी पुढे नाळेपाशी, म्हणजे टोकाशी, धारदार असत, पण मागे जाता जाता त्यांचा तळ जवळजवळ सपाट होत जाई. सपाट तळ शांत पाण्यावर पटकन उचलला जातो, कमी ताकदीत पळतो. लाट आली की मात्र उपडी परात पाण्यावर आपटावी तसा आपटतो. माणसाचे मणके आणि बोटीचे सांधे दोन्ही ढिले होतात. हंट यांनी नाळेचा तो खोल कोन थेट मागच्या फळीपर्यंत तसाच नेला, दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांचा चढ ठेवून, आणि तळावर लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवल्या. कोन लाट कापतो. पट्ट्या बाजूला पळणारं पाणी खाली वळवतात आणि बोटीला उचलून धरतात. एवढीच युक्ती.

बर्ट्रम यांनी तशीच मोठी, ३० फुटांच्या वरची लाकडी बोट करवून घेतली आणि बायकोच्या लाडक्या नावावरून तिला 'मॉपी' म्हटलं. १९६० साली ती मायामी-नासाऊ शर्यतीत उतरली. ही शर्यत १९५६ पासून चालू होती, गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह ओलांडून बहामापर्यंत. त्या वर्षी समुद्र उठलेला होता, आठ-आठ फुटांच्या लाटा होत्या. 'मॉपी' आठ तासांत पोचली. दुसरी आली ती तिच्यानंतर दोन तासांनी, आणि तीही हंट यांच्याच तळाची, फक्त २३ फुटी. तिसरी बोट दुसऱ्या दिवशी आली. पुढच्याच वर्षी बर्ट्रम यांनी 'मॉपी'वरून साचा करून फायबरग्लासची ३१ फुटी बोट बाजारात आणली. हंट यांना त्या तळाचं पेटंट मिळालं नाही, कारण अर्ज करण्याच्या कितीतरी आधी बोटीचं चित्र छापून आलं होतं. त्यांचं नुकसान झालं हे खरंच. पण त्यामुळे ज्याच्या हातात कसब होतं त्याला तो तळ बांधायची मुभा मिळाली.

आता विचार करा. एखाद्या सरकारी संशोधन संस्थेत हीच कल्पना गेली असती तर काय झालं असतं? समिती, नमुना, चाचणीचा हौद, अहवाल. कदाचित निकाल तोच आला असता. पण तो निकाल कुणाला दिसला असता? इथे निकाल बंदरात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसला. दोन बोटी धक्क्याला लागलेल्या आणि बाकीचा धक्का रिकामा. त्यावर वाद घालायला जागाच उरली नाही. शर्यतीचा खरा उपयोग हा असतो. ती मतभेद मिटवते, आणि छोट्या माणसाचं म्हणणं मोठ्या माणसाला ऐकायला लावते.

इंग्लंडने हे लगेच ओळखलं. १९६१ साली वर्तमानपत्राचे मालक सर मॅक्स एटकिन यांनी काउझ ते टॉर्की ही शर्यत सुरू केली, आणि तिचा हेतू सरळ सांगितला: समुद्रात टिकणाऱ्या वेगवान बोटींची पैदास सुधारणं. म्हणून सुरुवातीच्या नियमांत बोटीत झोपायची, राहायची सोय हवी अशी अट होती. नुसतं इंजिनावर बसून पळणारं खेळणं चालणार नव्हतं. पैदास हा शब्द आपल्याला परका नाही. बैलगाडा शर्यतींचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता तेव्हा गावोगावी एकच मुद्दा ऐकू यायचा: शर्यत गेली तर खिल्लार बैल कोण पाळणार? त्या शर्यतींबद्दल, बैलांच्या हालांबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. मला त्यातला तर्क महत्त्वाचा वाटतो. शर्यत म्हणजे पळणाऱ्याइतकीच पाळणाऱ्याची, पैदास करणाऱ्याची. आमच्याकडे बैलगाडा मालकाला हे सांगावं लागत नाही. मग समुद्राच्या शर्यतीत बोट बांधणारा कुठे आहे, हे विचारायला आपण का विसरतो?

आणि काउझच्या त्या शर्यतीत मुंबई होती. १९६३ साली ती जिंकली 'आ स्पेरान्झिएल्ला' या बोटीने. तिचा आराखडा करणारे आणि ती चालवणारे गृहस्थ एकच होते, रेनातो ऊर्फ सनी लेव्ही. जन्म १९२६चा, कराचीचा. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. वडिलांचा मुंबईत 'आफ्को' नावाचा बोटी बांधण्याचा कारखाना होता. पन्नासच्या दशकात लेव्ही तिथे काम करत होते आणि वेगवान बोटींच्या तळाचा त्यांचा अभ्यास तिथेच सुरू झाला. नंतर ते इटलीत अँझिओच्या कारखान्यात गेले, फियाटचे जियानी आन्येल्ली यांच्यासाठी 'उल्तिमा देआ' केली, पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धवट बाहेर राहून फिरणाऱ्या पंख्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९८६ साली ज्या 'व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २'ने अटलांटिक महासागर साडेतीन दिवसांच्या आत ओलांडला, तिचा आराखडाही लेव्हींचाच. जगातल्या वेगवान बोटींच्या इतिहासात ज्यांचं नाव पहिल्या पाच-सहांत घ्यावं लागतं, असा माणूस मुंबईतल्या बापलेकांच्या कारखान्यात घडला, आणि मरीन ड्राइव्हवरच्या त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून मी त्याचं नाव ऐकलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

विरोधकांचे मुद्दे मात्र पोकळ नाहीत. उलट ते ज्या ताकदीने मांडायला हवेत त्या ताकदीने कुणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो.

पहिला मुद्दा पैशाचा. टॉमी सॉपविथ यांनी काउझ-टॉर्कीची पहिली शर्यत जिंकली, ते विमान कारखानदाराचे चिरंजीव. आन्येल्ली फियाटचे वारस. मायामीत फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या चार नामांकित कंपन्या एकापाठोपाठ एक काढणारे डॉन अरोनो आधी बांधकाम व्यवसायात गडगंज झालेले. बोट चालवायला पैसा लागायचा, आणि तो ज्याच्याकडे होता तोच चालवायचा. मान्य. पण सॉपविथ यांची 'थंडरबोल्ट' बांधली होती हॅम्बलच्या ब्रूस कॅम्पबेल यांच्या छोट्या कारखान्याने. श्रीमंताने हौस केली, तिचा पगार सुताराच्या, फिटरच्या घरी गेला. अमेरिकेने हे उलट बाजूने शिकून घेतलं. १९९१च्या सुरुवातीपासून तिथे एक लाख डॉलरांवरच्या बोटींवर दहा टक्के चैनकर बसला. श्रीमंतांनी खांदे उडवले, बोट घेतली नाही, पैसे दुसरीकडे उडवले. बंद पडले ते कारखाने, आणि घरी बसले ते कामगार. मंदीही त्याच वेळी होती, त्यामुळे सगळा दोष कराचा असं कुणी म्हणू नये. पण १९९३ साली तो कर मागे घ्यावा लागला, हे विसरता येत नाही.

दुसरा मुद्दा गुन्हेगारीचा, आणि तो जास्त जड आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मायामीच्या एका आखूड गल्लीत, एकशे अठ्ठ्याऐंशीव्या रस्त्यावर, या वेगवान बोटींचे कारखाने शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत अमली पदार्थांचे तस्कर होते. 'सिगारेट बोट' हे शब्द पोलिसांच्या तोंडी तस्करांच्या बोटीसाठी रूढ झाले. ३ फेब्रुवारी १९८७ रोजी अरोनो यांचा त्याच गल्लीत गोळ्या घालून खून झाला. त्या प्रकरणात पुढे ज्याने मनुष्यवधाच्या आरोपाला आव्हान दिलं नाही, तो बेन क्रेमर स्वतः शर्यतींतला विजेता होता आणि तस्करीत जन्मठेप भोगत होता. यावर पांघरूण घालणारे लोक मला आवडत नाहीत. त्या काळाला रंगीत, धाडसी वगैरे म्हणणाऱ्यांनी त्या मालाने उद्ध्वस्त झालेल्या घरांकडेही पाहावं.

तरीही प्रश्न उरतो: यावरून निष्कर्ष काय काढायचा? अमेरिकेत दारूबंदीच्या काळात दारू पळवणाऱ्यांना आणि तटरक्षकांना एकाच गावातले कारखाने बोटी बांधून देत होते. खुद्द अरोनो यांनी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यासाठी 'ब्लू थंडर' ही पाठलागाची बोट बांधली. आणि आपल्या किनाऱ्याचं काय? १९९३ साली रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली ती काही शर्यतीच्या बोटीतून नाही. २६ नोव्हेंबर २००८ला दहशतवादी आले ते 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी ट्रॉलरमधून आणि शेवटी हवा भरलेल्या रबरी होडीतून. वाईट हेतूच्या माणसाला साधी होडीही पुरते. वेगवान आणि खवळलेल्या पाण्यात टिकणारी बोट खरी लागते ती त्याला अडवणाऱ्याला आणि बुडणाऱ्याला वाचवायला जाणाऱ्याला.

तिसरा मुद्दा मृत्यूंचा. फॉर्म्युला वनमधून आलेले दिदिए पिरोनी १९८७च्या ऑगस्टमध्ये आयल ऑफ वाइटजवळ गेले, त्यांच्यासोबत बोटीवरचे दोघे साथीदारही. मोनॅकोच्या राजकन्येचे पती स्तेफानो काझिरागी १९९०च्या ऑक्टोबरमध्ये मोनॅकोसमोर. फाबिओ बुझ्झी, इटलीतले बोटबांधणीचे बादशहा, २०१९ साली मोंते कार्लो ते व्हेनिस हा विक्रम करताना, अगदी शेवटाला, अंधारात व्हेनिसजवळच्या बांधावर आदळून गेले. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. यातल्या आधीच्या मृत्यूंतूनच बंद कॉकपिट आणि पट्टे सक्तीचे झाले, असं सांगून मी त्या घरांचं दुःख कमी करू शकत नाही. मी एवढंच म्हणेन की बुझ्झी आपल्याच आराखड्याच्या बोटीत बसले होते. आपल्या हातचं काम खरं की खोटं याची जोखीम त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात मारली नाही. बोटीचा सांधा कच्चा राहिला तर आधी आपला जीव जाणार आहे हे माहीत असलेला कारागीर आणि तीन टेबलांपलीकडे सही करून मोकळा होणारा अधिकारी, यांच्या कामात फरक पडणारच.

चौथा मुद्दा सगळ्यांत बुद्धिमान आहे. हे शोध मोठ्या संस्थांनीही लावले असते, असं काही अभियंते मित्र म्हणतात. कुटुंबाच्या कारखान्याचं उगाच कौतुक कशाला? कुटुंबात काही जादू नसते, हे मला मान्य. ख्रिस-क्राफ्टच्या वारसांनी १९६० साली कंपनी विकली, रिवा १९६९ साली विकली गेली. बापाचं कसब मुलात उतरतंच असं नाही, आणि कित्येक घरगुती कारखाने हिशेबाच्या गोंधळात बुडाले. पण मुद्दा रक्ताचा नाही, अंतराचा आहे. छोट्या कारखान्यात कल्पना, हात आणि परिणाम यांच्यात अंतर नसतं. शनिवारी शर्यतीत सांधा उकलला, सोमवारी तो बदलला. अमेरिकन अभियंते जिम वाइन यांनी इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर अशी जोडणी डोक्यात पक्की केली आणि ती व्होल्वो पेंटाने १९५९ साली बाजारात आणली. मोठी कंपनी यात हवीच होती, पण ती दुसऱ्या पायरीवर. आजच्या रबरी काठाच्या कडक तळाच्या बचाव बोटी कुठून आल्या? वेल्समधल्या अटलांटिक कॉलेज नावाच्या शाळेत निवृत्त ॲडमिरल डेस्मंड होर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी केलेल्या खटपटीतून. त्यातल्या मुलांनी १९६९च्या ब्रिटन-परिक्रमा शर्यतीत तसली बोट उतरवली. पुढे होर यांनी पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला एका पौंडाला देऊन टाकलं. आज वादळात बुडणाऱ्याकडे जी बोट धावते तिच्या वंशावळीत एक शाळेची शेड आणि एक शर्यत आहे. हंट यांचा खोल तळही आज बंदराबाहेर मोठ्या जहाजांवर वाटाड्या पोचवणाऱ्या पायलट बोटींखाली आहे. त्यातल्या पुष्कळशा मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॅडिंग-हर्न या मध्यम आकाराच्या कारखान्याने बांधल्या.

मग मरीन ड्राइव्हवर जी पाहिली त्या एकसारख्या बोटींच्या शर्यतीचं काय? तिच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. बोटी सारख्या असल्या की चालकाचं कौशल्य दिसतं, खर्च आटोक्यात राहतो, अपघात कमी होतात, टीव्हीवर नीट कळतं. क्रिकेटमध्ये बॅट कुणी तासली हे आपण कुठे विचारतो? पण क्रिकेटने बॅट सुधारण्याचा दावा कधी केला नाही. शर्यत किनाऱ्याच्या विकासासाठी आहे, असं सांगून कुणी मदत मागत असेल तर किनाऱ्याच्या कोणत्या माणसाला त्यातून काय मिळालं, ते दाखवायला हवं. चणेवाल्याची विक्री वाढली, हे उत्तर पुरेसं नाही.

आपल्याकडे बांधणारे नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. १७३६ साली लवजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले, आणि त्यानंतर सुमारे दीडशे वर्षं त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या इथल्या गोदीत जहाजं बांधली. त्यातलं सागवानी 'त्रिंकोमाली', १८१७चं, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्या घराण्याचं कसब संपलं नव्हतं. लोखंड आणि वाफ आली, आणि लाकूड मागणारं गिऱ्हाईक निघून गेलं. कसब टिकतं ते कडक गिऱ्हाईक असलं तरच. आपल्या काळातही याचा पुरावा आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस कारखान्याने नौदलासाठी 'म्हादेई' बांधली. आराखडा डच होता, हात इथले. त्या बोटीतून दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता. मग २०१७ साली त्याच कारखान्याची 'तारिणी' सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाली. शिडाची बोट आहे, मोटारीची नाही, हे मला कळतं. पण नौदलाने एका छोट्या कारखान्याला सांगितलं की तुझी बोट दक्षिण महासागरात जाणार आहे, आणि तो कारखाना त्या उंचीला पोचला. पोहायला शिकायचं तर पाण्यात ढकलावंच लागतं.

मागच्या वर्षी मालवणजवळ फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये मी दुपार काढली. पत्र्याखाली रेझिनचा उग्र वास कोंडलेला. मिस्त्री साच्यात काचतंतूंची चटई अंथरत होते, ब्रशने रेझिन लावत होते आणि छोट्या रोलरने हवेचे बुडबुडे एक एक करून बाहेर काढत होते. प्रत्येक बुडबुडा म्हणजे उद्याची चीर, असं ते म्हणाले. मी त्यांना हंटच्या खोल तळाबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच दोष काढला. तसा तळ वाळूवर उभा राहणार नाही, कलंडेल. आणि आपली होडी रोज चार माणसांनी वाळूवर ओढायची असते. शिवाय थांबल्यावर ती डोलेल, जाळं ओढताना त्रास होईल. एकही वाक्य चूक नव्हतं. खोल तळ जास्त ताकद मागतो, जास्त तेल पितो, हेही खरं. मायामीचं उत्तर मालवणला जसंच्या तसं लागू पडत नाही.

पण याचा अर्थ आपल्याला प्रश्नच नाही, असा होत नाही. मिस्त्रींच्या होड्या उधाणात आपटतात, त्या माणसांच्या कंबरा मोडतात, हे त्यांनीच सांगितलं. नाळेपाशी धार किती, मागे सपाटपणा किती, पट्ट्या किती आणि कुठे, म्हणजे ती लाटही कापेल आणि वाळूवरही उभी राहील? हे उत्तर पुस्तकात नाही. ते या किनाऱ्यावरच्या दहा मिस्त्र्यांनी दहा वेगळ्या होड्या बांधून एकमेकांशी भिडवल्यावरच मिळेल. भिडण्याची सवय किनाऱ्याला नवी नाही. नारळी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यती होतात. आणि मासळी घेऊन बंदरात जो आधी पोचतो त्याला लिलावात भाव मिळतो. तीही शर्यतच, फक्त तिला बक्षीस समारंभ नसतो.

म्हणून सरकारला, बंदर खात्याला खरंच शर्यत भरवायची असेल तर नियम बदलावेत. बोट या किनाऱ्यावर बांधलेली हवी. तिच्यावर बांधणारा किंवा त्याच्या घरातलं, कारखान्यातलं कुणी हवं. फेऱ्या नकोत, एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात पोचायचं, उघड्या समुद्रातून. काउझवाल्यांनी झोपायच्या सोयीची अट घातली होती, आपण बर्फाच्या पेट्यांचं ठरावीक वजन वाहायची आणि शेवटी वाळूवर ओढून दाखवायची अट घालावी. इंजिनाच्या ताकदीला मर्यादा हवी, म्हणजे पैसेवाला नुसत्या हॉर्सपॉवरवर जिंकणार नाही आणि तेलाचा हिशेबही राहील. मार्ग मच्छिमार सोसायट्यांना विचारून ठरावा, जाळ्यांना धक्का लागता कामा नये. बक्षीस चालकाइतकंच बांधणाऱ्याला, आणि जिंकलेल्या तळाची मापं सगळ्यांना खुली. यात हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण करण्यासारखं फारसं काही नसेल. गर्दीही मरीन ड्राइव्हएवढी जमणार नाही.

हे सगळं मी त्या दुपारी मिस्त्रींना सांगितलं. ते हातातला रोलर ॲसिटोनच्या डब्यात बुडवत ऐकत होते. कोणत्या महिन्यात ठेवायची, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ठेवतलास तर वाऱ्याच्या दिवसांत ठेवा. सपाट पाण्यात सगळेच पळतत."